२० टनांची कॉइल सपाट ट्रेलरवर: चार इंची गुटके आणि एक साखळी पुरते का?

वाहतूक_चाकण:
कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून चाकणला एचआर कॉइल, म्हणजे गरम लाटलेल्या पोलादी पत्र्याच्या मधे भोक असलेल्या गुंडाळ्या, जातात. नग २० टनांचा, रुंदी १२५० मिमी, बाहेरचा व्यास १.७ मीटरच्या आसपास. ४० फुटी सपाट ट्रेलर. भोक डाव्या-उजव्या बाजूला ठेवतात, पुढे-मागे चार इंची लाकडी गुटके ठोकतात आणि वरून एक साखळी टाकतात. गाडीमालकाचं म्हणणं, "एवढं वजन आहे, हलणार कुठे?" हे बरोबर आहे का? साखळ्या किती आणि किती जाडीच्या लागतील? साखळ्यांऐवजी कापडी पट्टे चालतील का?

साखळदंड:
वजनामुळे माल हलत नाही हा समज आधी काढून टाका. वजन वाढलं की घर्षण वाढतं, पण ब्रेक मारल्यावर पुढे जाणारा जोरही तेवढ्याच पटीने वाढतो. माल २ टनांचा असो की २० टनांचा, घसरण्याची शक्यता तीच. फरक एवढाच की २० टन सुटले तर केबिन उरत नाही.

आता गुटके. भोक आडवं असेल तर कॉइल रस्त्याच्याच दिशेने गडगडते, म्हणजे थेट ड्रायव्हरच्या पाठीवर. गुटका ती कुठवर अडवेल हे त्याच्या उंचीवर ठरतं. १.७ मीटर व्यासाला १० सेंमीचा गुटका वजनाच्या सुमारे ५३ टक्के जोरापर्यंत टिकतो, १५ सेंमीचा ६९ टक्क्यांपर्यंत. युरोपात बांधणीचा हिशोब पुढच्या दिशेला ८० टक्के, बाजूला आणि मागे ५० टक्के धरून करतात. म्हणजे तुमचे चार इंची गुटके पुढच्या बाजूला कमीच पडतात, तेही खिळे उपटले नाहीत तर.

भोक पुढे-मागे ठेवा. मग कॉइल गडगडली तर बाजूला गडगडेल, आणि बाजूचा ५० टक्के जोर १५ सेंमीचे गुटके आरामात घेतात. गुटके सुटे नकोत. कॉइलच्या पूर्ण रुंदीएवढ्या दोन तुळया लांबीत टाका आणि त्या फाकू नयेत म्हणून मध्ये आडव्या पट्ट्यांनी जखडा. लाकूड बाभळीचं, वाळलेलं. ओलं लाकूड वाळताना आकसतं, की साखळी ढिली पडलीच.

वाहतूक_चाकण:
भोक पुढे-मागे केल्यावर पुढे घसरण्याचं काय? आणि पट्ट्यांचं?

साखळदंड:
पुढचा जोर २० टनांच्या ८० टक्के, म्हणजे १६ टन. लाकडावर पोलादाचं घर्षण ०.४, म्हणजे दाबाच्या ४० टक्के, धरा; गाडी उसळते म्हणून त्याचा पाऊण भागच हिशोबात घ्यायचा, म्हणजे ०.३. घर्षणाने ६ टन अडले, उरले १० टन.

भोकातून दोन साखळ्या तिरक्या न्यायच्या: एक डाव्या पुढच्या कोपऱ्यातून उजव्या मागच्या कोपऱ्यात, दुसरी उलट. वरून पाहिलं तर फुली दिसली पाहिजे. भोकापासून कोपऱ्यापर्यंतची साखळी म्हणजे एक पाय; पुढे जाण्याला मागे ताणणारे दोनच पाय विरोध करतात. ग्रेड ८० च्या (हा पोलादाच्या ताकदीचा दर्जा) १० मिमी साखळीची बांधणीची क्षमता ६.३ टन. ती फळीशी ४५ अंशात आणि गाडीच्या लांबीशी ४० अंशात धरली तर दोन पाय मिळून, दाबामुळे वाढलेलं घर्षण धरून, साधारण ९.५ टन पेलतात. काठावर कमी पडतं. ८ मिमीची क्षमता ४ टन, तिचा इथे विचारच नको.

पण खाली रबरी अँटीस्लिप मॅट टाकली की घर्षण ०.६ होतं. पाऊण धरून ०.४५, म्हणजे नुसत्या घर्षणाने ९ टन अडतात. उरलेल्या ७ टनांसमोर त्याच दोन साखळ्यांची ताकद आता जवळजवळ १०.८ टन. मॅट फळी आणि तुळई यांच्यामध्ये हवी आणि तुळई व कॉइल यांच्यामध्येही. एकच थर टाकला तर दुसऱ्या जागी घसरते. याशिवाय वरून आडवी तिसरी साखळी टाका, कॉइल उसळू नये म्हणून.

वरून दाबणाऱ्या पट्ट्यांचं गणित करून पाहा. मॅट नसेल आणि घर्षण पूर्ण ०.४ धरलं तरी केवळ दाबाने थांबवायला आणखी २० टन दाब लागतो. पट्ट्यावर एसटीएफ (हाताने आवळल्यावर पट्ट्यात राहणारा ताण) ३०० डेकान्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो, छापलेलं असेल तर दोन्ही बाजू मिळून एका पट्ट्याचा दाब फार तर ०.६ टन. म्हणजे तीसच्या वर पट्टे. कॉइलला पट्टे मुख्य बांधणी म्हणून वापरू नका, भोकाची कड ते कापतेही.

फॅब्रिकेटर_तळोजा:
यात एक गोष्ट राहिली: साखळी अडकवता कशाला? ट्रेलरच्या कडेला दोरासाठी सळईचे आकडे वेल्ड केलेले असतात, ते ताडपत्रीपुरतेच. ताण आला की सरळ होतात. ६ टनांच्या साखळीला २ टनांचा आकडा लावला तर बांधणी २ टनांचीच. चेसिसच्या क्रॉस मेंबरला (आडव्या तुळईला) जोडलेले डी-रिंग, म्हणजे डी आकाराच्या कड्या, वापरा. भोकाच्या कडेवर गोलाई असलेलं लोखंडी एज प्रोटेक्टर टाका. टायरचा तुकडा चेपतो आणि ताण जातो. कॉइलच्या पॅकिंग पट्टीत हूक अडकवू नका, ती गुंडाळी बांधून ठेवायला असते.

जागाही महत्त्वाची. कॉइल किंगपिन (ट्रेलर घोड्याला, म्हणजे पुढच्या इंजिनवाल्या गाडीला, जोडणारी खुंटी) आणि मागचे तीन एक्सल यांच्या मध्याच्या किंचित मागे ठेवा. फार पुढे गेली तर घोड्याच्या एक्सलवर ओव्हरलोड, फार मागे गेली तर घाटात चढताना घोड्याची चाकं पकड सोडतात.

घाटवाट:
वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किमीला वजनाच्या ३१ टक्के, ५० किमीला ४९ टक्के. बांधणी चोख असली तरी घाटात ४० च्या वर नको.

पहिल्या काही किलोमीटरांत लाकूड दबतं आणि साखळी सैल होते. अमेरिकेत पहिल्या ८० किमीच्या आत बांधणी तपासणं बंधनकारक आहे. तुमच्या मार्गावर खोपोलीला, घाट चढायच्या आधी थांबा. तिन्ही साखळ्या हाताने हलवून बघा, रॅचेट बाइंडर (साखळी ताणायचं साधन) आवळा आणि त्याचा दांडा तारेने बांधून टाका. लिव्हरवाला बाइंडर असेल तर बदला, धक्क्याने तो उघडतो.