मदत हवी आहे: बॉयलरच्या हीट फ्लक्सचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी, साखर कारखान्यात बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालणाऱ्या बॉयलरवर काम करतो. भट्टीच्या वॉटर वॉलचा (पाण्याच्या नळ्यांच्या भिंतीचा) हीट फ्लक्स, म्हणजे दर एकक क्षेत्रफळातून ताशी जाणारी उष्णता, जुन्या कागदांत ताशी दर चौरस मीटरला 1,00,000 किलोकॅलरी दिला आहे, तर नवीन हिशेबात ताशी दर चौरस फुटाला 58,000 बीटीयू (उष्णतेचं ब्रिटिश एकक).

1 किलोकॅलरी प्रति चौ.मी. प्रति तास म्हणजे 1.163 वॅट प्रति चौ.मी., आणि 1 बीटीयू प्रति चौ.फूट प्रति तास म्हणजे 3.155 वॅट प्रति चौ.मी. म्हणून पहिला आकडा प्रति चौ.मी. 116 किलोवॅट येतो, दुसरा 183. एवढा फरक बीटीयूच्या वेगवेगळ्या व्याख्यांमुळे पडत नाही, त्यांच्यातला फरक फार तर अर्ध्या-एक टक्क्याचा.

गुणोत्तर 1.57 आहे, म्हणजे जवळजवळ पाय (π) भागिले दोन! आमच्या नळ्या एकमेकींना चिकटून आहेत, आणि नळीचा अर्धा परिघ तिच्या व्यासाच्या तेवढ्याच पट असतो. म्हणून शंका अशी की जुन्या कागदांत आगीकडच्या अर्ध्या परिघाचं क्षेत्रफळ धरलंय आणि नव्यात भिंतीचं सपाट क्षेत्रफळ. पण कागदांवर कुठेच तसा उल्लेख नाही.

बॉयलर डिझाइनमध्ये साधारण कुठलं क्षेत्रफळ धरतात? नळीच्या धातूचं तापमान काढायला यातला कुठला आकडा वापरावा? नळीच्या सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने अंदाजावर सोडवत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.