भावाच्या पोटातल्या महाधमनीला इजा, स्टेंट घालायचा का? तातडीने मदत हवी

आम्ही खानापूर तालुक्यातले. काल पहाटे धाकटा भाऊ (वय ३१) भाजीचा पिकअप घेऊन बेळगावला निघाला होता. पुढे उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, त्यावर आदळला. सीटबेल्टनं जीव वाचला, पण बेंबीखाली बेल्टचा काळानिळा वळ आडवा उठलाय. आतडं फाटलं होतं, ते कालच पोट उघडून शिवलं. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये) आणखी एक निघालं: मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, आतलं अस्तर फाटलंय आणि बाजूला फुगा आलाय. डॉक्टर म्हणतात, जांघेतून स्टेंट ग्राफ्ट घालू, दुपारपर्यंत सांगा.

अण्णा एकच विचारताहेत, पोट उघडलंच होतं तर धमनी तेव्हाच का नाही शिवली? मला उत्तर देता येईना. एवढ्या तरण्या वयात स्टेंट जन्मभर टिकेल का? पुढं पोती उचलता येतील का? खर्चाचंही बघायचंय. महात्मा फुले योजनेच्या सीमाभागातल्या ८६५ गावांत आमचं गाव आहे, आयुष्मान कार्डही आहे.

नर्सबाईंनी दोन्ही पावलांवर पेनानं फुली मारलीय, तासातासाला तिथंच नाडी बघतात. डावीकडची लागायला वेळ लागला की माझा जीव खालीवर होतो.

प्रतिसाद:
दादा, अण्णांना असं सांगा. आतडं फाटलं की पोटात घाण पसरते. तिथं उघड्यावर कृत्रिम नळी जोडली तर तिला जंतुसंसर्ग व्हायची मोठी भीती. स्टेंट ग्राफ्ट धमनीच्या आतून बसतो, म्हणून तो धोका कमी. हृदयातल्या स्टेंटसारखी ही नुसती जाळी नसते, तिला कापडाचं अस्तर असतं, त्यानं फाटलेली जागा आतून झाकली जाते. नुसती बारीक चीर असती तर बीपी ताब्यात ठेवून, पुन्हा सीटी करून थांबले असते. फुगा आहे म्हटल्यावर तो फुटू शकतो, वेळ घालवू नका.

टिकायचं म्हणाल तर स्टेंट सरकलाय का, कडेनं रक्त झिरपतंय का, हे सीटीवर पुढं कायम बघावं लागतं. तरुण माणूस तपासण्या चुकवतो, तेवढं तुम्ही सांभाळा. ओझ्याचं ऑपरेशननंतर डॉक्टरांनाच विचारा, पोटाचे टाकेही भरायचेत. आयुष्मान कार्ड आणि रेशनकार्ड घेऊन आत्ताच आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याकडे) जा, मंजुरी आधी लागते.

धागाकर्ता:
अण्णांना वाचून दाखवलं. सही केली त्यांनी. तीनला आत नेणार आहेत. बेळगावात कुणी ओ पॉझिटिव्ह रक्त द्यायला येऊ शकत असेल तर इथंच लिहा.