मदत हवी आहे: मोहिमेसाठी स्वतःचं जग रचू की छापील घेऊ?

नमस्कार मंडळी. कोथरूडला आमच्या घरी दर रविवारी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन एकत्र गोष्ट रचायचा खेळ खेळायला जमतात, गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे. दिवाळीनंतर नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठका चालणारी गोष्ट, सुरू करायची आहे आणि मी इथेच अडकलोय.

फरगॉटन रेल्म्स हे या खेळाचं छापील जग घेतलं तर १९८७पासून साठत आलेलं सगळं आयतं मिळतं: नकाशे, देव, शहरं. पण गेल्या वेळी एका मित्राला ते जग माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. दर थोड्या वेळाने दुरुस्ती, की खेळ थांबलाच.

मध्ये जुन्नरजवळच्या नाणेघाटात गेलो होतो. जकातीची नाणी ज्यात टाकत असं सांगतात, तो दगडी रांजण पाहिला आणि डोक्यात अख्खं जग उभं राहिलं. खाली बंदरं, घाटमाथ्यावर राज्य, आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाने रांजणात काहीतरी टाकायचंच. नाणं नसेल तर एक आठवण. मला मनापासून हेच खेळवायचंय! पण नोकरी सांभाळून आठवड्याला जेमतेम तीन तास मिळतात. एक घाट आणि एक गाव लिहिण्यातच महिना गेला.

ज्यांनी स्वतःचं जग चालवलंय त्यांनी कृपया सांगा, पहिल्या बैठकीआधी किमान किती तयार हवं? देव आणि इतिहास मागाहून भरले तर घोळ होतो का? की एबेरॉन या दुसऱ्या छापील जगातच कुठेतरी माझा घाट बसवू? तिथे सायर नावाच्या देशाच्या विनाशाचं कारण मुद्दाम मोकळं ठेवलंय, म्हणून ते जग मला जवळचं वाटतं.