कौशल्य थेट मेंदूत उतरवून घेता येईल का?

प्रश्न : जिज्ञासू
मेंदूत बसवायच्या चिपांविषयी वाचताना एक शंका पाठ सोडत नाही. संगणकात सॉफ्टवेअर उतरवून घेतो, तसे पोहणे किंवा व्हायोलिन वाजवणे मेंदूत उतरवून घेता येईल का? विमान चालवण्याचे कौशल्य असे भरल्याच्या बातम्या 2016 मध्ये आल्या होत्या. त्यांत तथ्य किती होते?

उत्तर : मज्जारज्जू
बातम्यांचे मथळे प्रयोगाच्या फार पुढे धावले होते. कॅलिफोर्नियातील एचआरएल प्रयोगशाळेने नवशिक्यांच्या डोक्याला बाहेरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन ते सिम्युलेटरवर कसे शिकतात हे पाहिले. सराव मात्र ज्याचा त्यालाच करावा लागला.

मुळात भरायचे काय, हेच आपल्याला वाचता येत नाही. 302 चेतापेशींच्या एका सूत्रकृमीचा जोडणी-नकाशा 1986 मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे 1,40,000 पेशींच्या फळमाशीचा 2024 मध्ये, आणि माणसाच्या मेंदूत अशा सुमारे 86 अब्ज पेशी आहेत. न्यूरालिंक या कंपनीने जानेवारी 2024 मध्ये प्रथमच माणसाच्या मेंदूत बसवलेल्या उपकरणात पेशींचे विद्युतसंकेत टिपणारे अवघे 1,024 इलेक्ट्रोड होते. शिवाय प्रत्येकाच्या मेंदूतील जोडण्या वेगळ्या, त्यामुळे एकाची नक्कल दुसऱ्यात जशीच्या तशी चालेल असे मानायला आधार नाही.

उत्तर : साशंक
तरीही ‘अशक्य’ म्हणण्याची घाई नको. 2013 मध्ये एमआयटीतील सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतील एका जागेची आठवण जपणाऱ्या पेशी प्रकाशाने चेतवून, जिथे विजेचा झटका कधी बसलाच नव्हता अशा त्या जागेची भीती त्यांच्यात रुजवली होती. अर्थात, त्या जागेची आठवण उंदराची स्वतःचीच होती, दुसऱ्याकडून आणलेली नव्हती, हेही खरे.

उत्तर : बोटांची भाषा
माहिती आणि कौशल्य यांची इथे गल्लत होते आहे. हेन्री मोलेसन यांच्यावर 1953 मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्यांची क्षमता गेली. तरीही आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा जो सराव मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांच्याकडून करून घेतला, त्यात त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला, आणि आपण हे पूर्वी केले आहे याची मात्र त्यांना गंधवार्ताही नसे. हात, पाठीचा कणा आणि तोल यांच्याशी जुळवून घेतलेले हे ज्ञान दुसऱ्या, कमी-अधिक लांबीच्या हाताला कसे बसणार? ऐकू येण्यासाठी कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचेही तसेच आहे: यंत्र बसवले तरी त्यातून येणाऱ्या आवाजाचा अर्थ लावायला मेंदूला अनेकदा कित्येक महिने लागतात.

रोज मराठी टंकलेखन करणाऱ्या कुणालाही ‘ण’ कुठे आहे असे विचारून पाहावे.

जिज्ञासू
विचारून पाहिले, स्वतःलाच. तोंडाने सांगता आले नाही; टेबलावर बोटे हलवली तेव्हा कुठे कळले.