खिडकीची खालची सॅश (वर-खाली सरकणारी काचेची झडप) तिरकी अडकली आहे (टाउनहाउस मराठी ग्रुप, न्यू जर्सी)

युनिट १४: वरच्या बेडरूमची खालची सॅश पुसायला आतल्या बाजूला झुकवली होती. उभी केल्यावर डावी बाजू दोन इंच खाली, उजवी वर. आता ना वर जाते ना खाली. हातोडीने हलकेच ठोकू का?

युनिट २२: अजिबात नको! व्हायनलचे कोपरे वेल्ड केलेले असतात. एक कोपरा उकलला की अख्खी सॅश गेली. आधी वरच्या कडेचे दोन्ही टिल्ट लॅच (सॅश आत झुकवायच्या खिट्ट्या) बघा. जिभा बाजूच्या पन्हळीत पूर्ण शिरल्यात का?

युनिट १४: हो, दोन्ही टक् करून बसल्या. एक फोटो टाकतोय. डाव्या पन्हळीत अगदी वर काहीतरी पांढरं दिसतंय.

युनिट ७: तोच डावा शू, म्हणजे पन्हळीत सरकणारा, स्प्रिंगला जोडलेला सॅशचा आधार. वर पळालाय. सॅशच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून धातूचे पिव्हॉट बार बाहेर आलेले असतात आणि ते दोन्हीकडच्या शूमध्ये बसतात. सॅश पूर्ण आडवी केली की बार शूमधला कॅम (खाच असलेला फिरता भाग) फिरवतो आणि शू जागेवर लॉक होतो. अर्धवट तिरकी असताना ती एका बाजूने उचलली गेली, तर बार निघतो, शू मात्र मोकळाच राहतो. मग स्प्रिंग त्याला वर खेचते. डावीकडे आधारच नाही, म्हणून तुमची सॅश कलंडून रुतली.

युनिट १४: काका, मग आता काय करू?

युनिट ७: आधी दुसऱ्या माणसाला बोलवा. एकट्याने नको, काच जड असते.
खाली गेलेला डावा कोपरा तळव्याने उचलून सॅश समतल करा. सिलपासून (चौकटीच्या खालच्या पट्टीपासून) तीन-चार इंच वर आणा, दोन्ही लॅच आत ओढा आणि सॅश पूर्ण आडवी करा, ९० अंश. हे चुकवलंत तर उजवा शूही वर पळेल. मग डावं टोक वर उचला, उजवा बार शूमधून सुटेल. सॅश पलंगावर गोधडी टाकून ठेवा.

युनिट ७: आता शू. रुंद चपटा पेचकस कॅमच्या खाचेत घालून फिरवा. कॅम सुटला की शू वर ओढ घेतो, म्हणून पेचकस घट्ट धरून ठेवा. चष्मा लावा, बोटं पन्हळीबाहेर. तसाच दाबून खाली आणा, उजव्या शूच्या बरोबरीला. टेपने सिलपासून मोजा, अंदाजपंचे नको. मग कॅम पुन्हा फिरवून लॉक करा. बहुतेक शूंमध्ये यू आकाराचं तोंड वर आलं की लॉक झाला. पेचकस काढण्याआधी हात थोडा सैल सोडून बघा.

युनिट २२: आणि सॅश बाहेर आहेच तर पन्हळ व्हॅक्युम करून घ्या. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, सुका सिलिकॉन स्प्रे. साधं मशीन ऑइल नको, महिन्याभरात धुळीचं काजळ होतं.

युनिट ३१: आमची अडकत नाही, उलट वर केली की धपकन खाली येते. तेच का?

युनिट ७: नाही वहिनी, तुमचा बॅलन्स, म्हणजे सॅशचं वजन तोलणारी स्प्रिंगची यंत्रणा, गेलाय. पन्हळीत धातूची लांब पट्टी आणि आत दोरी असेल, तर दोरी तुटली असणार. पट्टीवर ठोकलेला नंबर आणि पट्टीची लांबी लिहून घ्या. नळी असेल तर नळीचा व्यास आणि टोकाचा रंग. सॅशचं वजनही लागेल: सॅश हातात घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं, मग नुसतं, आणि वजाबाकी. एकच बाजू गेली असली तरी जोडी बदला. नवी आणि जुनी स्प्रिंग सारखी ओढत नाही, सॅश परत तिरकी चालते. जास्त ताकदीचा घेतलात तर खिडकी आपोआप वर सरकेल, तेही नको.

युनिट १४: शू खाली आला. दोन्ही साडेचार इंचांवर, तोंडं वर. आता?

युनिट ७: सॅश आडवी धरा. एक बार आधी, मग दुसरा, वरून खाली टेकवा. वाकून दोन्हीकडे डोळ्यांनी बघा. बार शूच्या बाजूला बसला तर उभी करताना पुन्हा हेच होईल. मग उभी करा, लॅच लागू द्या, एकदा पूर्ण वर, एकदा पूर्ण खाली.

युनिट १४: सरळ चालतेय! फक्त मध्यावर किंचित घासते.

युनिट २२: चौकटीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. मध्ये पाव इंच कमी भरली तर बाजूची चौकट आत फुगली आहे. बसवताना जास्त फोम भरला की असं होतं. ते शूने सुटणार नाही, खिडकीवाल्यालाच बोलवावं लागेल. त्याआधी बायलॉज काढून बघा, खिडकी आपल्या खर्चात की असोसिएशनच्या.

युनिट १४: वर ३६, मध्ये ३५ आणि सात अष्टमांश, खाली ३६.

युनिट ७: एक अष्टमांशच कमी, पाव इंच नाही. सिलिकॉन मारा आणि थंडी संपेपर्यंत राहू द्या.