मदत हवी आहे: फोमचा नाकतोडा हुकावर फिरतो

नमस्कार मंडळी. मी गंगाखेडचा. पावसाळा सरताना सोयाबीनच्या धुऱ्यावरचे नाकतोडे उडून गंगेत (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) पडतात आणि चिलाप्या (तिलापिया मासे) वर येऊन ते गट्टम करतात. ते बघूनच मासे धरायला हुकावर फोमचा नकली नाकतोडा बांधायला घेतला. पाण्यावर तरंगणाऱ्या माशीला (हुकावर बांधलेल्या अशा नकली किड्याला) मासा लागतो ती मजा गळाला गांडूळ लावून नाही हो.

स्टेशनरीच्या दुकानातली २ मिमीची हिरवी फोम शीट, ८ नंबरचा लांब दांडीचा हुक, पाय रबरी दोऱ्याचे, गुडघ्याला गाठ मारून. दिसतो झकास! पण चार-पाच वेळा फेकला की फोम दांडीभोवती गरकन फिरतो, हुकाचं टोक आडवं होतं आणि मासा टोचा मारून निसटतो. दोरा आवळला तर फोम चिरतो. काल तर डोक्यापाशी दोन तुकडेच झाले.

आधी दांडीवर दोऱ्याचा थर देऊन, त्यावर फेविक्विक लावून मग फोम बसवायचा का? पहिले वेढे सैल आणि नंतरचे घट्ट घ्यायचे का? शिलाईचा दोरा बारीक असल्याने फोम कापतो, की चपटा दोराच लागतो? बांधणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगा, जमल्यास पोटाकडून काढलेला फोटोही टाका.