थिबाच्या माणकांचा डोंगर: कंपनीने दिलं काय, नेलं काय?

घाटवाट
परवा भाचरांना घेऊन रत्नागिरीच्या थिबा पॅलेसला गेलो होतो. एक काका आपल्या ग्रुपला तावातावाने सांगत होते, "माणकांच्या खाणी लुटायच्या म्हणून राजाला इथे आणून डांबला." अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा धागा.

आधी थोडक्यात. ब्रह्मदेशात सागवान तोडणाऱ्या बॉम्बे बर्मा कंपनीला १८८५ साली तिथल्या थिबा राजाच्या दरबाराने सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. त्याचं निमित्त झालं, इंग्रजांशी लढाई लागली, नोव्हेंबरात राजधानी मंडाले पडलं आणि पुढच्या एप्रिलात राजा रत्नागिरीत. माणकं निघत ती मोगोकच्या दरीत, मंडालेच्या उत्तरेला, चारेक हजार फुटांवर. १८८९ साली लंडनमध्ये रॉथशिल्ड मंडळींच्या पाठबळावर बर्मा रूबी माइन्स कंपनी निघाली. शेअर घ्यायला अशी झुंबड, की खुद्द रॉथशिल्डना शिडी लावून खिडकीतून ऑफिसात शिरावं लागलं म्हणतात.

सरकारशी करार: वर्षाला ४ लाख रुपये, शिवाय नफ्याचा सहावा हिस्सा. इरावतीवरच्या थाबेइक्चिनच्या धक्क्यावर बोटीतून उतरलेली यंत्रं तिथून साठेक मैल डोंगरातून बैलगाड्यांवर चढवली. १८९८ साली, म्हणजे आपल्याकडे बहुतेक गावांनी दिवा पाहिला नव्हता तेव्हा, तिथे पाण्यावर वीज केली. गावाखालीच माणकांचा थर, म्हणून गाव हलवलं. खाणीतलं पाणी काढायला मैलाहून लांब बोगदा खणला. आणि १९२५ मध्ये दिवाळं.

माझं म्हणणं एवढंच, की हे नुसते लुटारू नव्हते. पैसा घातला, बुडाला, आणि मागे रस्ता नि वस्ती राहिली. थिबाच्या राज्यात मोठा खडा सापडला की तो राजाचा. लोक तो फोडून तुकडे करायचे, पण दरबारात द्यायचे नाहीत. मग खणणाऱ्याचं असं काय नुकसान झालं?

कुळकायदा
असहमत, आणि करार तुम्हीच दिलात म्हणून बरं. सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि त्या मुलखातल्या लोकांकडून आपण वसूल करायची. रत्नागिरीच्या माणसाला याला काय म्हणतात ते सांगायला हवं का? खोत!

मोगोकमधले लोक पिढ्यान्‌पिढ्या खणत होते. विहिरीसारखा खड्डा घ्यायचा, त्याला ते ट्विनलोन म्हणतात, आणि तळाची ब्योन, म्हणजे माणकाची खडीमाती, टोपलीने वर ओढायची. कंपनी आल्यावर तेच लोक, तीच दरी, तोच खड्डा, पण आता खड्ड्यातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याचा परवाना. खडा सापडो न सापडो, परवान्याचे पैसे चुकायचे नाहीत. कंपनीच्या पंपांचं कौतुक जरूर करा, पण पडत्या काळात तिला धरून ठेवलं ते परवान्यांनी.

राजा वाईट होता म्हणून खोत चांगला ठरत नाही. आमच्या पणजोबांनी दोन्ही भोगलेत.

घाटवाट
खोताची उपमा झकास, पण लंगडी. कुठल्या खोताने कुळाच्या शेतात वीज आणली? कुठला खोत दिवाळखोर झाला?

कुळकायदा
दिवाळखोर पुष्कळ झाले, कोर्टकचेऱ्यांत. विजेचं म्हणाल तर ती पंपांसाठी होती.

गटार_आधी
माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यातली निम्मी घाटात. म्हणून फक्त रस्त्यावर बोलतो.

साठ मैलांत चार हजार फूट हा आकडा कागदावर सोपा दिसतो. पावसाळ्यात तिथे लाल माती सुटते. भरलेली गाडी चढावर थांबली की आधी चाकामागे दगडाची उटी, मग बैलांना दम. बॉयलरसारखं धूड असेल तर पुढे जादा जोड्या आणि मागे माणसं. एक जोडी घसरली की अख्खी माळ मागे येते. हे मी लहानपणी उसाच्या गाड्यांवर पाहिलंय, बॉयलर तर लांबची गोष्ट. त्यात तो तराईचा पट्टा मलेरियाचा. त्यामुळे ते काम करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण काम करणारे कंपनीचे भागधारक नव्हते.

दुसरं. १८८६-८७ च्या हिवाळ्यात फौज तिथे चढली, वाट तेव्हाच मोकळी झाली होती. कंपनी फौजेमागून आली. रस्ता कुणासाठी हे ओळखायची माझी सोपी खूण: तो वाटेतल्या गावांकडे वळतो का? आपल्याकडचा घाटरस्ता बाजाराच्या गावासाठी दोन मैलांचा वळसा घेतो. खाणीचा रस्ता धक्क्यावरून निघतो आणि खाणीच्या तोंडाशी संपतो.

ब्रह्मदेशातल्याच बॉडविनच्या खाणीचं बघा. तिथे चिन्यांनी शतकानुशतकं चांदी काढली होती. त्यांनी टाकून दिलेल्या भट्टीच्या मळीत शिसं भरपूर होतं, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर त्यावर भाळला. ती मळी उतरवायला डोंगरातून दोन फुटी रुळांची गाडी टाकली, लाशिओच्या रेल्वेलाइनवरच्या नामयाओपासून. सुरेख काम आहे. पण ते रूळही शेवटी खाणीलाच जाऊन भिडतात.

लोणावळा_लोकल
मग बोरघाटही पाडून टाका! तोही कापूस मुंबईला नेण्यासाठीच केला होता. सुमारे १५ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, १८६३ साली गाडी सुरू. आज आपण डेक्कन क्वीनमध्ये कटलेट खात जातो ते याच घाटातून. हेतू काय होता यावरून रस्ता मोजायचा नसतो, कोण वापरतं यावरून मोजायचा.

कुळकायदा
बोरघाट काढलात ते बरं केलंत. तो बांधणाऱ्या जीआयपी रेल्वे कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून. मग कंपनीला धोका कुठे होता? १८५९ साली मजुरी थकली म्हणून घाटात मजुरांनी दंगा केला. १८६१ मध्ये ४२ हजार माणसं एकाच वेळी त्या कामावर होती. कटलेट खाताना एखादा घास त्यांच्या नावाने बाजूला काढत जा.

लोणावळा_लोकल
कटलेट संपलंय हो आता, पँट्रीवाला पुढच्या डब्यात गेला.

गटार_आधी
लोणावळा, मुद्दा तुमचा चुकीचा नाही. फक्त बोरघाटाला वर पुणं होतं, पुढे सोलापूर, दख्खनचा मुलूख. मोगोकला वर काय? खाण. रस्ता तोच, पण टोकाला काय आहे यावर सगळं ठरतं.

आंबाबर्फी
+१ खोताला. अवांतर: रत्नांचा गिरी तिकडे आणि रत्नागिरी इकडे. इंग्रज अधिकाऱ्यांपैकी कुणाला तरी विनोदबुद्धी होती असं मला कायम वाटत आलंय.

घाटवाट
परवान्याचा मुद्दा मान्य. मी कंपनीला खाण चालवणारी समजत होतो, ती निम्मी वसुली करणारी होती हे लिहायला हवं होतं. पण गटार_आधी, टोकाला नुसती खाण नव्हती. पलटणींबरोबर आलेल्या गुरख्यांचे वंशज तिथे राहिले, चीनच्या युनान प्रांतातून हंगामी मजूर येत. पंप बंद पडल्यावर कंपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं, त्याचं गावाच्या मधोमध तळं झालं. गाव त्याच्या काठाने वाढलं. ही वस्ती कंपनीने ठरवून केली नाही हे खरं, पण झाली तर खरी.

गटार_आधी
खड्डा भरला नाही म्हणून तळं झालं, याचं श्रेय मी तरी कुठल्या कंत्राटदाराला देणार नाही. बिल नामंजूर.

सोनारआळी
सगळे रस्त्यावर भांडताय, खड्यांकडे कुणी बघेना. म्हणून लिहितो, धंदा तोच आहे.

कंपनी बुडायचं एक मोठं कारण बैलगाडी नाही, पाऊसही नाही. १९०२ साली व्हर्नुई नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने भट्टीत माणिक तयार करायची रीत जाहीर केली. पावडर ज्योतीतून खाली सोडायची, थेंबाथेंबाने काडी वाढते. काही वर्षांत बाजारात ढीग. त्यातच १९०७ ला अमेरिकेत पैशाची टंचाई. डोंगर कापायला आणलेली यंत्रं जागच्या जागी, आणि स्पर्धक पॅरिसच्या प्रयोगशाळेत.

आणि मोगोकमध्ये टिकलं काय? कनासे. धुऊन टाकलेल्या मातीत बायका खडे वेचतात, त्यांना हे नाव. खाणमालकाच्या नजरेतून सुटलेला खडा जिला दिसेल तिचा. लंडनच्या कंपनीचे हिशेब कधीच मिटले, या बायका आजही वाकून वेचताहेत.

आता थिबाचं. त्याचं नावाजलेलं नगामाउक माणिक मंडालेच्या गडबडीत इंग्रजांच्या कर्नल स्लेडनच्या हाती गेलं ते गेलंच. राजा इथून अर्ज करत राहिला, १९१६ मध्ये इथेच वारला. सोबत आणलेले खडे त्याने खर्चाला एकेक करून विकले. त्यामुळे आमच्या गिऱ्हाइकांत "हा थिबाकडचा" म्हणून अंगठी दाखवणारं कुणी ना कुणी असतंच.

मागे एक आजी आल्या. सोन्याची जुनी अंगठी, आत लालभडक खडा, सासूकडून आलेला. विकायची नव्हती, फक्त खात्री हवी होती. भिंगाखाली धरला. खऱ्या माणकातल्या रेषा सरळ, कोनात वळलेल्या असतात. इथे रेषा गोलाईत, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, आणि एका बाजूला दोन बारीक बुडबुडे. व्हर्नुईचा माल.

"काय रे, राजाचाच ना?" त्यांनी विचारलं.

"आजी, सोनं बावीस कॅरेटचं आहे आणि घडणावळ जुनी आहे," मी म्हणालो. त्यांनी अंगठी बोटात घातली आणि चहा घेऊन गेल्या.